खिडकीपाशी तीस वेळा

मित्रांनो, मी एक जुना मोजणीचा डबा आहे. माझे आकडे साबणाच्या डबीत बसवलेले आहेत; ती डबी बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी असे. माझा दुसरा भाग म्हणजे दोन पातळ पत्र्यांची पट्टी. ती आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पायपुसण्याखाली असे. तिच्यावर भार पडला की पत्रे एकमेकांना टेकत, बिनतारी संदेश येई आणि माझा आकडा एकाने वाढे.

मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने बनवलं. तिचे बाबा सुतार होते. झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, "पलंगापासून खिडकीपर्यंत रोज तीस फेऱ्या. नाहीतर पाय हातचा जाईल."

बाहेरच्या खोलीत मशीनच्या खडखडाटात तिला आतलं काही ऐकू येत नसे. म्हणून तिने मला करायला घेतलं. तोवर तिने साधा दिवाही दुरुस्त केला नव्हता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारत विचारत ती शिकली. दोनदा तारा उलट्या जोडल्या, बोटं भाजून घेतली. सुरुवातीला मी एका पावलाची तीन मोजायचो. "हा तर बाबांना पळायला लावतोय!" असं म्हणत तिने मला पुन्हा उघडलं.

"माझ्यावर पहारा बसवलास होय गं?" बाबांनी विचारलं.

"पहारा कसला? मशीनवर बसून मी तुमच्याबरोबर चालते."

पहिल्या दिवशी मी चार दाखवले. पुढे अकरा, मग बावीस. तीस झाले त्या दिवशी तिने मला पदराने पुसलं. शेजारणींना बोलावून दाखवलं. मी फुशारून गेलो.

मग गणवेशांचं मोठं काम आलं. ती मान वर करून माझ्याकडे बघे, तीस दिसले की पुन्हा शिवायला लागे. आत जाणं जेवणापुरतंच उरलं.

एका दुपारी दोरा संपला म्हणून ती अवेळी आत गेली. बाबा खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते आणि काठीच्या टोकाने पायपुसणं दाबत होते. पाय सुजला होता.

"बाबा, कधीपासून?"

"झाला असेल महिना. गुडघा फार दुखतो गं. आकडा दिसला नाही की तू काम टाकून येतेस."

ती जमिनीवर बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि रडली. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण पायातली ताकद परत आली नाही.

मला काठी आणि पाऊल यांतला फरक कळला नाही. मला फक्त भार कळतो. तरी तिने मला दोष दिला नाही. सेल काढून फळीवर ठेवलं आणि मशीन उचलून बाबांच्या खोलीत नेलं. त्यांचं उरलेलं वर्ष ती तिथेच शिवत बसली. दोघांच्या गप्पा मला भिंतीपलीकडून ऐकू येत. ते गेले त्या दिवशी मशीन बंद होतं.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रं जरूर बनवा, सांभाळा. पण आतल्या खोलीत आपलं माणूस असेल, तर आमचा आकडा कितीही चांगला दिसो, उठून एकदा आत जाऊन या.