हळदीच्या अंगाने पाहिलेला स्फोट

माझ्या फोनला एक वेगळी, कर्कश रिंग आहे. आमच्या अवकाश दुर्बिणीला गॅमा किरणांचा स्फोट दिसला तरच ती वाजते. ती वाजली तेव्हा मी आंबिवलीच्या आमच्या अंगणात पाटावर बसले होते, अंगभर हळद माखून, आणि फोन होता सखुआत्याच्या कमरेला.

"आत्या, फोन दे!"

"हलदीचे अंगान फोन नाय बघाचा."

हिच्यामुळेच तर हा घोळ. हळद संध्याकाळी होती, माझी ड्युटी दुपारी संपणार होती. पण सकाळी उठल्या उठल्या आत्याने फर्मान काढलं, हळद आत्ताच लावायची. आजा कल्याणला हॉस्पिटलात, माझा भाऊ नयन त्याच्यापाशी. दोघांनाही सोडून एवढी कसली घाई? पण आत्यापुढे बाबांचंही काही चालत नाही. मी नुसती धुमसत बसले होते.

रिंग थांबेना. एखादा तारा मरताना असा स्फोट होतो नि काही सेकंदांत संपतो. मागे उरते ती धग. स्फोट खरा आहे असं ड्युटीवरच्या माणसाने तासाभरात कळवलं, तरच जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळतात. नाहीतर धग विझते, आणि स्फोट किती लांबून आला हे मग कोणालाच कधी मोजता येत नाही. आज ड्युटीवरचं माणूस मी होते.

"देतेस की उठू पाटावरून? अशीच रस्त्यावर जाईन!"

बायकांचं गाणं थांबलं. आत्या पांढरीफटक पडली. माझा राग तिला ठाऊक आहे.

"मी धरतंय. तू नुसती बघ."

तिने स्क्रीन माझ्याकडे करून फोन धरला. मी बोट साडीला पुसलं आणि आलेख उघडला. कुठलेतरी भरकटलेले कण असते तर दुर्बिणीच्या सगळ्या बाजूंना सारखीच उसळी दिसली असती. खरा स्फोट एकाच बाजूने येतो, उन्हाने एकच गाल तापावा तसा. पण आत्याचा हात इतका थरथरत होता की मला रेघाच दिसेनात.

"नीट धर ना गं!"

तिने दुसऱ्या हाताने मनगट आवळलं. आता दिसलं. एकाच बाजूला उंच सुळका, बाकीकडे जेमतेम. खरा! मी कळवून टाकलं. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वरून मेसेज उतरला. घरच्या ग्रुपवर, नयनचा. 'आजा पहाटेच गेला. आत्याला तेव्हाच सांगितलंय. लग्न होईपर्यंत रुपालीला कळू देऊ नका.' त्या ग्रुपवर मीही आहे, हे गाढव विसरला होता.

हळद एकदा लागली की सुतक लागत नाही, लग्न थांबत नाही. म्हणून ती घाई.

"तोंड कनाला उतरलं गो?" आत्याने घाबरून विचारलं. तिच्या बाजूने फोनची फक्त पाठ दिसत होती.

मी मेसेज बोटाने सारला. "एक तारा मेला, आत्या."

"तारा नं?" तिने श्वास सोडला. "मंग बस नीट."

मला मोठ्याने रडायचं होतं. आजा तिचा बाप होता. पहाटे बाप गेलेली ही बाई सकाळपासून माझ्यासाठी गात होती.

"आत्या," मी गाल पुढे केला, "इकडे राहिलीय बघ."

तिने वाटीत बोटं बुडवली आणि गाणं पुन्हा उचललं.