आवश्यक प्लग-इन आढळले नाही

“अगं ताई, तू काहीतरी चुकीचं दाबलं असशील. काढून टाक आणि परत बसव.”

“तीनदा बसवलं रे बाळ्या! तरी ही बया तेच सांगते, आवश्यक प्लग-इन आढळले नाही.”

मी ऑफिसात, ताई दूर तिच्या घरी पाय प्लास्टरमध्ये घालून, आणि आई रुग्णालयाच्या अशा कक्षात, जिथे संसर्गाच्या भीतीने कुणालाच आत सोडत नव्हते. नातेवाइकांनी भेटायचं ते दुपारी चार ते पाच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. त्यासाठी ब्राउझरला प्लग-इन नावाची एक छोटी जोडणी बसवावी लागे. ती आहे की नाही हे आधी पाहणारं पान आमच्या कंपनीने बनवलेलं, आणि ते तपासून ‘चालतंय’ असा शेरा मारणारा मी.

तपासणीच्या बाबतीत मी भलता काटेकोर. प्रत्येक चाचणीआधी ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसून काढायचो. ऑफिसात मला ‘चकाचक’ म्हणत आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. ताईच्या फोननंतरही मी सात कॉम्प्युटर पुसून सात चाचण्या केल्या. सातही पास. मग काय, दोष ताईचाच! “शेजारच्या कुणाला तरी बोलव, तुला नाही जमायचं,” असं मी तिला तोडून बोललो. शेजारणीलाही जमलं नाही, तेव्हा मी शेजारणीलाही हसलो.

चारला पडद्यावर आई दिसली. नाकाला नळी, केस कुणीतरी घाईत बांधलेले.

“ताई नाही का रे आली?”

“येतेय, आई. तिचं मशीन जरा अडलंय.”

“तिला ओरडू नकोस हं. तू लगेच ओरडतोस.”

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

“मलाच जमलं नाही रे,” ताई फोनवर म्हणाली. “माझ्या अडाणीपणापायी आई वाट बघत गेली.”

“जाऊ दे ताई, सगळ्यांनाच थोडंच येतं,” मी म्हणालो. कसली ही समजूत!

आठवड्याने कामावर आलो. कशातच लक्ष नव्हतं. प्लग-इन नसलेल्या एका कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. ‘आढळले नाही’ आलं, ते बरोबरच होतं. प्लग-इन बसवलं आणि पुसायचं विसरून तेच पान पुन्हा उघडलं. आढळले नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आढळले नाही.

पान एकदा मिळालेलं उत्तर ब्राउझरमध्ये लिहून ठेवत होतं आणि नंतर तपासतच नव्हतं. पहिल्यांदा ‘नाही’ आलं, की ते कायमचंच. मी दर वेळी सगळं पुसत होतो, म्हणून मला हे कधी दिसलंच नाही. घरी बसलेलं माणूस कशाला पुसेल? ते पान लिहिणाऱ्या प्रोग्रामरला दाखवलं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तीन ओळी बदलल्या. दहा मिनिटांचं काम.

ताईला सांगितलं नसतं तरी खपून गेलं असतं. ती स्वतःला दोष देत राहिली असती आणि मी शहाणा ठरलो असतो. तरी दुपारी फोन लावला. सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही.



“म्हणजे मी पहिल्याच वेळी नीट बसवलं होतं?”

“हो ताई. पहिल्याच वेळी.”

ती हुंदके देऊन रडायला लागली. तिने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिने कॉम्प्युटर पुढे ओढला असावा.

“उघडलं रे,” ती म्हणाली. “रुग्णाचं नाव विचारतंय.”

“ताई, आता तिथे…”

“माहितीये मला.”

एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर दाबल्याचा आवाज येत राहिला.

“आईचं नाव लिहिलंय. पुढचं बटण नाही दाबत. थोडा वेळ असू दे?”

“असू दे,” मी म्हणालो.