तपासणी

“पदर असा गळ्यावरून घ्यायचा आणि टोक मुठीत धरायचं,” असं म्हणून अण्णांनी शेजारच्या पूनमची ओढणी मागून घेतली आणि स्वतःच्या गळ्याभोवती घेऊन दाखवली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसलेल्या बायका तोंडाला हात लावून हसायला लागल्या. अण्णा हसले नाहीत. ते ओढणी घेऊन चार पावलं चाललेसुद्धा.

“गाड्या समोरून येतील अशा बाजूनं चालायचं. पाठीमागून येणारा दिसत नाही. आणि गाडीवर दोघं आले, पत्ता विचारायले, तर थांबायचं नाही. चालता चालताच हात दाखवायचा.”

“आन् कुनाला खरंच पत्ता पायजे आसंल तर?” सरूबाईंनी विचारलं.

“तर तो दुकानात विचारील.”

“मंग सोनं घालायचंच न्हाई का, हवालदार? मोकळ्या गळ्यानं हिंडले तर लोक म्हनतील, हिच्या न्हवऱ्यानं जमिनीबरूबर डागबी इकून खाल्लं.”

“घाला की. पदराखाली घाला.”

“पदराखाली घातल्यालं दिसतंय व्हय कुनाला? मंग घालायचं कशापायी?”

या वेळी हसू एवढं मोठं झालं की अण्णांच्याही मिश्या हलल्या. फेब्रुवारीतला रविवार होता. मागच्याच महिन्यात शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंचं मंगळसूत्र भर सकाळी रस्त्यावर ओढून नेलं होतं, म्हणून अण्णांनी हा वर्ग भरवला होता. मी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते आणि मनातून थोडी संकोचले होते. आपल्या वडिलांनी ओढणी घेऊन चालून दाखवावं, हे मला फारसं आवडलं नव्हतं. तो त्यांचा शेवटचा साधा दिवस होता, हे कळलं असतं तर मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे पाहिलं असतं.

चऱ्होलीतल्या या सोसायटीत आम्ही दोघंच राहत होतो. आई सहा वर्षांपूर्वी गेली. अण्णा मूळचे धाराशिवकडचे. तरुणपणी चाकणला आले आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेटवर उभे राहिले, ते सत्तावीस वर्षांनी सिक्युरिटी सुपरवायझर होऊनच खाली बसले. शिफ्ट सुटली की सहाशे माणसं त्या गेटमधून बाहेर पडायची आणि प्रत्येकाची पिशवी, प्रत्येकाचा डबा तपासला जायचा. ते स्वतः ड्यूटी संपवून निघताना हाताखालच्या गार्डसमोर दोन्ही हात वर करून उभे राहायचे. तपासणीत अपमान नसतो, असं ते म्हणत. जो तपासू देत नाही त्याच्याकडेच काहीतरी असतं. एकदा एका मॅनेजरनं गाडीची डिकी उघडायला नकार दिला, तेव्हा अण्णा वीस मिनिटं गाडीपुढं उभे राहिले होते. ही गोष्ट त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितली असेल. शेवटी दर वेळी म्हणायचे, “आणि डिकीत काहीच नव्हतं. छत्री होती.”

सोसायटीतल्या बायका त्यांना हवालदार म्हणायच्या. हे नाव सरूबाईंनी ठेवलेलं. सरूबाई इथल्याच. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचा वांग्यांचा मळा होता. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्यांचं मन रमायचं नाही, म्हणून दिवसभर त्या खाली बसलेल्या असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी बोलायच्या आणि अण्णांना सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अण्णा नेहमीप्रमाणे साडेसहाला फिरायला गेले. मी ताथवड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नऊला निघायचं म्हणून मी डबा भरत होते, तेवढ्यात ते आले. चपला न काढता आत आले, हे मला आधी खटकलं. त्यांनी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं, आतून कागदाची पुडी काढली आणि ओट्यावर उघडून ठेवली. आत खडीचे दोन तुकडे होते.

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. गेटवरचा प्रसंग साहेबांना सांगावा तसं, क्रमानं सांगितलं. आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोघांनी त्यांना थांबवलं. एकाची खाकी पँट, केस बारीक कापलेले, हातात वायरलेस. पुढे चाकू दाखवून एकाला लुटलंय, अंगावर सोनं असेल तर काढून ठेवा, म्हणाला. तेवढ्यात तिथून चाललेल्या तिसऱ्या माणसालाही त्यांनी थांबवलं. त्यानं निमूटपणे गळ्यातली चेन काढली आणि कागदात गुंडाळून घेतली. तरी अण्णांनी आयकार्ड मागितलं. खाकी पँटवाल्यानं ते दिलं. अण्णांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, फोटो चेहऱ्याशी ताडून बघितला. तो माणूस म्हणाला, काका, असंच बघायला पाहिजे, कुठं होता नोकरीला? अण्णांनी कंपनीचं नाव सांगितलं. मग आपला माणूस आहे म्हणून त्यानं त्यांना खांद्यावर थोपटलं आणि रीतसर तपासणी करावी लागेल म्हणाला.

“मग?” मी विचारलं.

“मग मी हात वर केले,” अण्णा म्हणाले.

अंगठी त्यांनीच काढून दिली. पुडी बांधून खिशात घालणारा आणि वरून बटण लावणारा हात त्या माणसाचा होता. घरी जाऊनच उघडा, असं त्यानं काळजीनं सांगितलं होतं. आई गेल्यावर तिच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या आटवून अण्णांनी ती अंगठी करून घेतली होती. दुसरा दागिना त्यांच्या अंगावर कधीच नव्हता.

त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. बोलले ते असं :

“सत्तावीस वर्षं गेटवर काढली तुम्ही. कालच त्या बायकांना शिकवत होता ना?”

अण्णांनी मान हलवली. जणू मी फक्त माहिती विचारली होती आणि ती बरोबर होती. “आयकार्ड बघितलं होतं मी,” एवढं म्हणून ते चपला काढायला दाराशी गेले.

मला तसं बोलायचा काहीएक अधिकार नव्हता. आदल्या जूनमध्ये ताथवड्यात दोघांनी माझा मोबाईल हातातून हिसकावून नेला होता. अण्णांना मी रिक्षात राहिला म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ते रोज मला बसस्टॉपवर सोडायला आले असते, शिवाय कसं चालायचं ते पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं असतं. पण हे झालं वरवरचं कारण. मला लाज वाटली होती. आपण शिकलेल्या, वाचणाऱ्या, आणि इतक्या सहज फसलो. ती लाज आठ महिने माझ्याजवळ होती, आणि तरी त्या सकाळी ओट्यापाशी मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

पोलिसांत जायला अण्णा तयार झाले नाहीत. तिथं पहिलं विचारतील, काय काम करत होता, म्हणाले. मग, “इथं कुणाला बोलू नकोस, तनू,” म्हणाले. मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर ते फिरायला गेले नाहीत. पुढच्या रविवारी बायका खुर्च्या मांडून बसल्या, तेव्हा मी खाली जाऊन अण्णांचा गुडघा दुखतोय असं सांगितलं. सरूबाईंनी खालूनच हाक मारली, हवालदार, आमच्या पाटल्यांवर पहारा कुनी द्यायचा म्हणून. अण्णांनी खिडकी लावून घेतली. बोटावर अंगठीच्या जागी फिकट वळं उमटलं होतं. माझ्यासमोर जेवताना ते तो हात मांडीवर ठेवायचे आणि मी भाजीकडे बघायची.

असे पाच आठवडे गेले. मार्चच्या शेवटी एका शनिवारी सकाळी खाली गलका झाला म्हणून मी गॅलरीत गेले. सरूबाई जिन्याजवळ बसल्या होत्या आणि बायकांनी त्यांना गराडा घातला होता. उरलेल्या अर्ध्या एकरात कोथिंबीर लावली होती, ती बघायला त्या निघाल्या होत्या. रस्त्यात दोघांनी थांबवलं. खाकी पँट, वायरलेस, पुढे चाकू दाखवून लुटलंय. आधीच थांबवलेला एक माणूस चेन काढून कागदात बांधत होता. सरूबाईंनी दोन्ही हातांतल्या पाटल्या काढून दिल्या. त्यांच्या पुढ्यात पुडी उघडी पडली होती. “पदर घेतल्याला व्हता मी,” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. “हवालदारांनी सांगितलं तसा घेतल्याला व्हता.”

मी वळले तर अण्णा मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. मी म्हटलं, अण्णा, आत्ता कशाला. ते चपला घालून बाहेर पडले. मी त्यांच्यामागून जिना उतरले.

बायकांनी वाट करून दिली. अण्णा सरूबाईंच्या समोर उभे राहिले.

“माझी अंगठी अशीच नेली,” ते म्हणाले. “त्याच रस्त्याला. पाच आठवडे झाले. लाज वाटली म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.”

पूनमनं माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले होते.

सरूबाईंनी पुढ्यातली पुडी मिटली. मग आवाज न चढवता म्हणाल्या, “तवाच सांगितलं आसतं तर मी थांबले नसते, उद्धवराव.”

त्यांनी अण्णांना नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. अण्णांनी हात जोडले.

त्याच दुपारी ते सरूबाईंना घेऊन चौकीत गेले. मीही गेले. तिथला अधिकारी वयानं लहान आणि सभ्य होता. अशा तक्रारी दुसरीकडूनही आल्यात, पण माणसं सांगायलाच येत नाहीत, असं म्हणाला. अण्णांनी दोघांची वर्णनं दिली, चेन काढून दाखवणाऱ्या त्यांच्याच तिसऱ्या साथीदाराचंही दिलं, चपलांच्या रंगापर्यंत. अधिकाऱ्यानं लिहिता लिहिता विचारलं, झडती नक्की कशी घेतली? अण्णा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

अधिकारी खाली मान घालून लिहीत होता. सावकाश, वळणदार अक्षरात. अण्णा तसेच उभे होते. इस्त्रीचा शर्ट बगलेत ओला झाला होता. हात खाली घ्या, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी समोरच्या भिंतीवरचं नागरिकांसाठीच्या सूचनांचं पोस्टर वाचत राहिले. शेवटी सरूबाई उठल्या आणि त्यांनी अण्णांचा एक हात धरून खाली आणला. दुसरा मग आपोआप खाली आला.

नऊ दिवसांनी, दुपारी, मी ग्रंथालयात असताना पूनमचा फोन आला. अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. बारा वर्षांचा मधुमेह होता, असं होतं कधी कधी, त्रास झाला नसणार. डॉक्टरांचं बरोबरच असणार.

गावाकडची माणसं आली आणि चार दिवसांनी परत गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी सरूबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. ताट खाली ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या. हातांत नुसत्या हिरव्या बांगड्या होत्या. खा म्हणाल्या, मी खाल्लं नाही. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. अण्णांच्या गावाला पाऊसपाणी कसं असतं, भाऊ-भावजय आहेत का, असं काहीबाही विचारत राहिल्या. बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“तनू, येक इचारू?” त्या म्हणाल्या. “मी त्या दिशी तसं बोलले नसते, तर जगला आसता का गं तुझा बाप?”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हातातल्या बांगड्या एकीकडून दुसरीकडे सारत होत्या. पाच दिवस त्या हे घेऊन बसल्या असणार, हे मला दिसलं. तसं काही नसतं मावशी, असं म्हणायला मी तोंड उघडलंही. पाच दिवसांत हेच वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलं होतं.

“तुम्ही बोललात ते खरं होतं,” मी म्हटलं. “अण्णांना ते पटलं होतं. मावशी, मला एक सांगायचंय. गेल्या जूनमध्ये माझा मोबाईल रिक्षात राहिला नव्हता. दोघांनी हिसकावून नेला. त्यांनी पत्ता विचारला आणि मी थांबले. फोनवर नकाशा काढून दाखवला. नीट दिसावा म्हणून फोन त्यांच्यापुढे मीच धरला. अण्णा ओट्यावर पुडी उघडून उभे होते ना, तेव्हा एवढंच म्हणायचं होतं मला, की अण्णा, माझंही असंच झालं. ते मी म्हटलं नाही. मी त्यांना विचारलं, सत्तावीस वर्षं गेटवर काय केलं.”