शिवडीच्या चिखलातला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. काथ्याचा, तीन पदरांचा. कोकणात समुद्राकाठच्या एका अंगणात बायकांनी मला वळलं आणि मी लालबागच्या चाळीत राजरत्नकडे आलो. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगांपाशी तो आणि त्याचे मित्र मला धरून उभे राहत. हजारो माणसं माझ्या कडेनं शांतपणे पुढे सरकत. "दोर मजबूत आहे हां," असं कुणी म्हटलं की मला फार अभिमान वाटे.

पुढे लोखंडी कठडे आले. माझी रवानगी राजरत्नच्या व्हॅनच्या डिकीत झाली, एका जुन्या बॅटरीशेजारी. बॅटरीतलं ॲसिड झिरपलं आणि मधल्या भागात माझा काथ्या काळा, ठिसूळ झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत राजरत्न घरच्यांना मुंबईतले किल्ले दाखवायला निघाला. बायको माया, आई रमाबाई आणि लेक दीपिका सोबत होत्या. सकाळी सायनचा किल्ला झाला, मग शिवडीचा. बुरुजावरून दीपिकाला खाडीतले फ्लेमिंगो दिसले.

"पप्पा, जवळ जाऊन बघू ना! प्लीज!"

म्हणून गाडी खाडीकाठच्या धक्क्यावर आली. ओहोटी होती. दूरवर नुसता चिखल चमकत होता आणि पक्षी त्याच्याही पलीकडे होते. माया फोटो काढत होती, राजरत्न आईला हात देऊन गाडीतून उतरवत होता. चिखलावर पडलेलं एक गुलाबी पीस दीपिकाला दिसलं आणि ती धक्क्यावरून खाली उतरली.

"पप्पा!"

तिच्या त्या हाकेनं डिकीतसुद्धा माझ्या अंगावर काटा आला. ती कमरेपर्यंत रुतली होती. हलली की आणखी खाली जात होती. भरती सुरू झाली होती. चिखलातल्या चरांमधून पाणी आत शिरत होतं.

राजरत्न उडी मारणार, तोच रमाबाईंनी त्याचा शर्ट धरला. "उतरू नको! तू पण रुतशील. आधी दोर काढ!"

त्यानं मला बाहेर खेचलं आणि माझं टोक तिच्याकडे फेकलं.

"काखेतून घे, बाळा. गाठ मार. आता पुढे पोटावर आडवी हो. पाय झाडू नको."

"पप्पा, पाणी येतंय…"

"माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे."

राजरत्न आणि माया मला ओढू लागले. माझा काळा भाग नेमका त्या दोघांच्या आणि तिच्या मध्ये ताणला गेला होता. मला ओरडायचं होतं, पण दोराला आवाज कुठून असणार? कट्ट असा आवाज करून माझा एक पदर तुटला. मायाच्या रडण्यात तो कुणालाच ऐकू आला नाही. दुसरा पदर उसवू लागला. पाणी दीपिकाच्या हनुवटीला लागलं.

"हिसका देऊ नका! सावकाश ओढा रे!" रमाबाई ओरडल्या.

मी उरलेला जीव एकवटून धरून राहिलो. शेवटी चिखलानं तिचे पाय सोडले. ती धक्क्यावर आली तेव्हा माया तिला पोटाशी धरून बसली. ओली होऊन आवळलेली माझी गाठ राजरत्नला सुटेना.

घरी त्यांनी मला धुऊन वाळवलं; काळा भाग त्यांना चिखलाचा डागच वाटला. चाळ बघायला लोटली. "यानं पोर वाचवली, आता याला डिकीत नाही टाकायचं," रमाबाई म्हणाल्या. मग राजरत्ननं गॅलरीतल्या तुळईला माझा झोका बांधला. तुटलेला पदर वर, गाठीच्या आत दडला.

मित्रांनो, दीपिका रोज त्या झोक्यावर बसते. ती उंच गेली की गॅलरीचा कठडा तिच्या पायांखाली येतो आणि खाली तीन मजले दिसतात. गाठीतला उसवलेला पदर रोज थोडा आणखी सुटतो. चिखलात वाटली नव्हती एवढी भीती मला इथे वाटते. मला हार नको, कौतुक नको. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर आधी तिला खाली उतरवा. मग ती गाठ सोडून सगळ्यांना दाखवा.