लग्नाची कॅसेट येईपर्यंत

विठाच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर दमट होऊन पडली होती. कॅम्प दोन भागातल्या हरेशच्या व्हिडिओ स्टुडिओने ती कशीबशी साफ केली आणि तिची फाइल करून लिंक पाठवली. चिखलोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, सूनबाई किर्तीने लॅपटॉप उघडला आणि फाइल डाउनलोडला लावली. दौलतराव आणि विठा पलंगावर बसले.

"छत्तीसशे एमबी," दौलतरावांनी वाचलं. "आपला नेटचा प्लॅन शंभरचा. म्हणजे छत्तीस सेकंद."

छत्तीस सेकंद झाले, मिनिट उलटलं. पडद्यावर वेग दिसत होता सहा.

"शंभर सांगतात आणि सहा देतात? फसवणूकच झाली ही."

किर्ती हसली. "नाही बाबा. कंपनीचं शंभर मेगाबिटमध्ये असतं, इंग्रजी लहान बीवालं. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, तो मोठा बी. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा, साडेबारा. त्याच्या वर जाणारच नाही."

"मग उरलेले साडेसहा?"

"राउटर हॉलमध्ये, मधे दोन भिंती. शिवाय तुमचा लेक अभिजीत बाहेर नेटवर मीटिंगला बसलाय. लॅपटॉप हॉलमध्ये नेला तर वाढेल. नेऊ का, आई?"

विठाने मान हलवली. "असू दे. येऊ दे सावकाश."

खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, बसत होता. त्याच्या आडून दुपारचं पिवळं ऊन तिच्या पायांवर आलं होतं. डाउनलोडची निळी पट्टी सरकत होती आणि विठाला वाटलं, वांगणीकडच्या डोंगरावरून कुणीतरी चालत येतंय. अजून लांब आहे, पण येतंय.

"शालू हिरवा होता ना तुझा?" दौलतरावांनी हळूच विचारलं.

"पिवळा."

"मला हिरवाच दिसतो."

"मांडवाच्या डहाळ्या दिसत असतील तुम्हाला."

विठाचे डोळे मिटू लागले. हळदीचा वास आला की काय, कळेना.

"आली," किर्ती म्हणाली आणि तिने फाइल सुरू केली.

चित्र पार उतरलेलं होतं. पिवळट-हिरवे ठिपके नुसते तरंगत होते. शालूचा रंग कुठला, कुणालाच सांगता आलं नसतं. माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती. दौलतराव हिरमुसले. तेवढ्यात आवाज आला, स्वच्छ, अगदी खोलीतच कुणी बोलावं तसा.

"ओ कॅमेरावाले, आमच्या विठाला नीट घ्या हां. तिकडं कोपऱ्यात बसलीय ती."

विठाच्या बापाचा, धोंडीचा आवाज. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याचा एक फोटो घरात होता. आवाज मात्र तिला आठवेनासा झाला होता.

किर्तीने बंद करायला हात पुढे केला. "आई, थांबवू का?"

"नको गं."

विठाने डोक्यावरचा पदर सारखा केला, ताठ बसली आणि त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. दौलतराव जरा बाजूला सरकले, तिला नीट दिसावं म्हणून.