पुटकुळी

डोळे मोठे दिसावेत म्हणून त्यांना चारी बाजूंनी काळ्या रेघेचं कुंपण घालून आलेली बाई काउंटरशी उभी राहिली, की काउंटरमागे तिचे हात शिवशिवायला लागत. कापूस भिजवून ते सगळं पुसून टाकावं आणि पहिल्यापासून सुरू करावं, असं तिला मनापासून वाटे. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. आधी गोड बोलायचं, मग आरसा पुढे करायचा आणि रेघ कुठे चुकली ते त्या बाईलाच सापडू द्यायचं, ही तिची पद्धत. मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी तिचा काउंटर होता. तिथे फक्त डोळ्यांचं सामान मिळे. ओठ, नखं, केस यांच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

त्या दिवशी एक शिक्षिका आली. पापण्या जरा खाली झुकलेल्या, वयाने म्हणा किंवा वह्या तपासून म्हणा.

"मी रोज लायनर लावते हो, पण कुणाला दिसतच नाही," शिक्षिका कुरकुरली.

"डोळा मिटून लावता ना?"

"मग काय, उघड्या डोळ्यात बोट घालू?"

"उघड्या डोळ्यानेच लावायचं. समोर बघा, हनुवटी जरा वर. मिटून काढलेली रेघ डोळा उघडला की पापणीच्या घडीत गडप होते."

तिने बाहेरच्या कोपऱ्याशी एक बारीक रेघ ओढली, घडीच्या किंचित वर फिकट तपकिरी रंग बोटाने पसरवला आणि खालच्या कडेला काळं काही लावलंच नाही. शिक्षिकेने आरशात पाहिलं आणि गोंधळ घालणारा वर्ग शांत व्हावा तशी तिची कुरकुर थांबली. मग तिने तो हमखास येणारा प्रश्न विचारला, "आणि चेहऱ्याला काय लावता तुम्ही? एक डाग नाही."

"लावत काही नाही. खात काही नाही."

ही नुसती विक्रीची बोलबच्चन नव्हती. साखर नाही, तळलेलं नाही, चहात दूध नाही. डब्यात वाफवलेल्या भाज्या, काकडी आणि मूठभर भिजवलेले दाणे. शेजारच्या अत्तराच्या काउंटरवरची मुलगी रोज दुपारी त्या डब्यात डोकावून सुस्कारा टाकायची. "ताई, हा डबा बघूनच मला अशक्तपणा येतो." ती हसून सोडून देई. चेहरा हेच तिच्या दुकानाचं दार होतं, आणि ते तिने वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलं होतं.

पंधराव्या वर्षी मात्र त्या दाराकडे बघवत नव्हतं. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर पुटकुळ्याच पुटकुळ्या. बहीण मोठी, घरात सगळे तिला मोठीच म्हणत. मोठीचे डोळे आईसारखे टपोरे, आणि कातडी अशी की माशी बसली तर घसरून पडावी. धाकटीचे डोळे बारीक आणि खोल. मोठीसारखं दिसावं म्हणून तिने जाडजूड काजळ घातलं, तर ते डोळे शर्टाच्या बटणांएवढे दिसायला लागले. शाळेतून आली की आई तिची हनुवटी धरून गालावरून अंगठा फिरवायची. "काय खाल्लंस चोरून?" आणि आईचा अंदाज कधी चुकत नसे. बिस्किटांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला, तरी ती स्टुलावर चढायची, आणि आईचा अंगठा दुसऱ्या दिवशी तिला पकडायचा. मग हसत हसत आई म्हणायची, "पुटकुळी ती पुटकुळीच माझी." तेच नाव पडलं. लाडाने ठेवलेलं नाव लाडानेच टोचत राहिलं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात आईने त्या नावाने हाक मारली, तेव्हा ती फणकारली होती. "यापुढे मला त्या नावाने हाक मारायची नाही." आईने पुन्हा कधी मारली नाही. आई शब्दाची इतकी पक्की, हीच तर पंचाईत.

आता आई दादा-वहिनीकडे असायची, आणि तिच्या आठवणींना कसर लागली होती. जुन्या कपड्याला लागते तशी, मधेच. कुठे भोक पडेल सांगता येत नसे. मोठी परदेशात, वर्षाकाठी एकदा यायची. धाकटी दर रविवारी काउंटर लवकर आवरून परस्पर आईकडे जाई, कामावरचा चेहरा तसाच ठेवून. तर एका रविवारी आईने तिच्या डोळ्यांकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "मोठी का गं? ये, बस."

पहिल्यांदा तिला हसूच आलं. डोळे मोठीसारखे दिसावेत म्हणून उभा जन्म घालवला होता. पावती मिळाली ती अशी. पण मग आई दाराकडे बघत राहिली.

"पुटकुळी नाही आली?"

"आई, अगं मीच..."

वहिनीने मागून खांद्यावर हात ठेवला. वहिनी तिला थट्टेने वन्सं म्हणायची, पण तेव्हा तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "वन्सं, वाद घालू नका. घातला की घाबरतात, मग रडत बसतात."

ती आईशेजारी बसली. आईने तिचा हात हातात घेतला आणि अगदी खालच्या आवाजात, एका मुलीची गोष्ट दुसरीला सांगावी तसं म्हणाली, "रागावलीय ती माझ्यावर. तुझं ऐकते ती. तिला सांग, आई पुन्हा तसं म्हणणार नाही. पण ये म्हणावं."

"सांगते, आई."

असा तिचा निरोप तिच्याकडेच दर रविवारी यायला लागला. वहिनी चहा आणि बिस्किटं ठेवायची. ती सवयीने ताटली बाजूला सारायची, आणि आई ते बघत राहायची. "आईंचंही तेच," वहिनी तक्रार करायची. "बिस्कीट खात नाहीत, रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवतात. मुंग्यांची चंगळ." तिचं लक्ष नसे. एकच गोष्ट तिला हवी होती. आईच्या तोंडून ते नाव एकदा ऐकायचं होतं, आणि ते तिच्याकडे बघून म्हटलेलं हवं होतं. कसर लागलेल्या कपड्याचं काय, आज एक भोक, उद्या सगळा काठ जायचा. तोवर.

पुढच्या रविवारी ती चेहरा स्वच्छ धुऊन गेली. रेघ नाही, रंग नाही, आपले बारीक खोल डोळे जसेच्या तसे. आईने तिच्याकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"बसा ना. कुणाकडे आलात?"

आई आणि अहोजाहो! ती आईच्या पायाशी बसली. "आई, मी पुटकुळी."

आई हसली, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी. मग काय वाटलं कोण जाणे, तिने हात पुढे केला आणि अंगठा गालावरून फिरवला. सावकाश, एकदा खाली आणि एकदा वर.

"नाही हो," आई म्हणाली. "तिचा गाल हाताला लागतो. तुमचा किती छान आहे."

चेहऱ्याचं कौतुक ऐकायची तिला सवय होती. त्यातलं हे एकच असं होतं, की ऐकून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडली. वहिनीने नेहमीचा बिनदुधाचा चहा पुढे केला. शेजारी ताटलीत, कुणी खाणार नाही हे माहीत असूनही, दोन बिस्किटं होती.

तिने नाक पुसलं. बिस्किटांकडे पाहिलं.

"वहिनी, चहात दूध घाला. आणि साखर."

"वन्सं, बरं वाटतंय ना?"

"आणि तो डबा आणा इकडे."

खाण्याचा आणि पुटकुळ्यांचा संबंध सगळ्यांच्या बाबतीत सारखा नसतो, असं जाणकार सांगतात. तिच्या बाबतीत तो सख्खा होता, किंवा निदान आईने तसं ठरवलं होतं. सोमवारी दुपारी तिने डबा उघडला तेव्हा अत्तरवालीने दोनदा वाकून पाहिलं. तळलेले बटाट्याचे काप, दुधाच्या चॉकलेटची लांब पट्टी आणि मलई भरलेला पाव.

"ताई, कुणी धमकी दिलीय का?"

"खा तू पण."

पहिला घास तोंडात विरघळला तेव्हा तिने डोळे मिटले. इतकी वर्षं आपण नक्की कशाची राखण करत होतो, असा एक विचार आला. तो तिने दुसऱ्या घासाबरोबर गिळला, कारण तो सोसणारा नव्हता. मग ती रोज खात राहिली आणि रोज सकाळी आरशात बघत राहिली. चेहरा ढिम्म! नको होत्या तेव्हा रांगा लावून आल्या, आणि आता आमंत्रण देऊन एक फिरकेना. कमरेचा घेर तेवढा वाढला. मधल्या रविवारांना ती रेघा ओढून मोठी होऊन गेली, निरोप घेऊन आली. एका रविवारी आईने तो निरोपही दिला नाही. नुसतीच दाराकडे बघत बसली. कोणाची वाट बघतेय, हे आईलाच आठवत नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना तिला खरी भीती वाटली.

आणि मग एका सकाळी आली. डाव्या गालावर, हाडाच्या जरा खाली, लालबुंद, दाबलं तर ठणकणारी. शेजारी तिची धाकटी बहीण, आणखी एक बारीकशी. आरशासमोर तिला इतका आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

दुकानात अत्तरवाली धावत आली, हातात कन्सीलर घेऊन. "बसा, ताई, लपवून देते."

"हात लावशील तर बघ."

व्यवस्थापकाने लांबूनच पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाला, की हे बरं होईपर्यंत तिने काउंटरवर उभं न राहता मागे माल लावण्याचं काम बघावं. एरवी हे ऐकून ती कोसळली असती. ती म्हणाली, "त्यापेक्षा मी आज सुट्टीच घेते." रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पुटकुळीचा काय भरवसा, आज आहे, उद्या बसेल. रस्त्यात वारा लागू नये म्हणून तिने गालावर हात धरला, मग हात लागू नये म्हणून काढला.

आई खिडकीशी खुर्चीत बसून रुमालांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडायची, पुन्हा घालायची.

"कोण हो?" आई म्हणाली.

या वेळी तिने काही सांगितलं नाही. खुर्चीशी जमिनीवर बसली, आईचा हात उचलला आणि आपल्या गालावर ठेवला.

अंगठा हलला. खाली गेला, वर आला आणि थांबला. पुन्हा तिथेच आला. आईच्या कपाळावर आठी पडली, ती जुनी, शाळेतून येण्याच्या वेळची.

"काय खाल्लंस चोरून?"

तिने आईचा हात गालावर तसाच दाबून धरला.

"विचारतेय मी. काय खाल्लंस?"

"बिस्किटं."

"किती?"

"पुष्कळ, आई."

"वाटलंच मला. पुटकुळे, अगं किती वेळा..." आणि आई मधेच थांबली. चटकन तोंडावर हात नेला. डोळे घाबरले. "चुकलं गं. म्हणणार नव्हते मी. जाऊ नकोस."

"नाही जात. म्हण ना, आई."

"रागावशील."

"नाही रागावत. म्हण. पुन्हा म्हण."

"पुटकुळी," आई म्हणाली. जरा थांबून, जिभेवर घोळवून, पुन्हा म्हणाली, "पुटकुळी माझी." तिने आईच्या मांडीत तोंड खुपसलं. दारातल्या वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि आत निघून गेली.

बऱ्याच वेळाने आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मोठी येते दर रविवारी. भेटते का तुला?"

"भेटते."

"तिच्याकडे लक्ष दे गं. डोळे इतके छान रंगवून येते, पण आत काहीतरी दुखतंय तिला. समोर ठेवलेलं काही खात नाही. नुसती माझ्याकडे बघत बसते. मी विचारलं तर सांगायची नाही. तू विचार."

ती मान वर करू शकली नाही. "विचारते, आई."

आईने शेजारच्या पलंगावरच्या उशीखालून एक रुमाल काढला, गाठ सोडली. आत एक मऊ पडलेलं बिस्कीट होतं, कडेला मुंग्यांनी कुरतडलेलं. ते आईने तिच्या हातावर ठेवलं. ज्या बाईने डबा वरच्या फळीवर ठेवला होता, त्याच बाईने.

"तुझ्यासाठी ठेवलं होतं. खा. एकाने काही होत नाही."

तिने तोंडाजवळ नेलं, तेवढ्यात आईने तिचं मनगट धरलं.

"सगळं नको. अर्धं ठेव. मोठी उपाशीच येते."

तिने बिस्कीट मोडलं. अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं रुमालात गुंडाळून पर्समध्ये, काजळाच्या पेन्सिलीशेजारी, रविवारसाठी ठेवलं.