सहावी चूक

मधुकररावांनी पट्टी धरून बातमीतल्या आणखी एका शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘काडतुसे नव्हेत, शिशाचे छर्रे.’ ही पाचवी चूक. पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षे काढलेल्या या गृहस्थाला ढिसाळ शब्द ढिल्या चापाइतकाच असह्य होई.

समोर सुलेमानभाई चहाला हात न लावता बसले होते. त्यांची मिस्बाह ही मधुकरराव जुईनगरच्या शाळेत चालवीत त्या नेमबाजी वर्गातली सर्वांत स्थिर हाताची मुलगी. परवा सरावाहून परतताना ती एका मॉलमध्ये शिरली आणि दारावर तिची बॅग तपासली गेली. स्पर्धेचे ओळखपत्र पाहून पोलिसांनी तिला दोन तासांत सोडले. बातमीने मात्र सोडले नाही. ‘तरुणीच्या बॅगेत विदेशी पिस्तूल, जिवंत काडतुसे.’ उद्या अकरा वाजता तिला कॉलेजच्या समितीपुढे उभे राहायचे होते. तिचे नाव पटावर ठेवायचे की काढायचे, ते तिथे ठरणार होते.

“फोटो पाहिलात? हे रिव्हॉल्व्हर आहे,” मधुकरराव म्हणाले. “मथळ्यात पिस्तूल, फोटोखाली रायफल. एका पोरीच्या बॅगेत तीन शस्त्रं. डबा कुठे ठेवला असेल तिने?”

सुलेमानभाई हसले नाहीत.

“आमी लिफ्टमध्ये शिरलो की लोक जिन्यानं जातात, सर. सहाव्या मजल्यापर्यंत.”

“तिच्याकडचं एअर पिस्तूल, हवेच्या दाबावर चालणारं. दारू नाही, स्फोट नाही, परवाना लागत नाही. त्या संपादकाला हे पहिल्या पानावर छापायला लावतो.”

“तो छापील तेव्हा छापील. तुमी मला एक पत्र द्या. उद्या साहेबलोकांना दाखवतो.”

“तेच करतोय.” पट्टी शेवटच्या ओळीवर सरकली. “आणि हा तर कळस. ‘माझ्याकडे शस्त्र आहे, हात लावू नका, असे तरुणीने सुरक्षारक्षकाला धमकावले.’ निखालस बनावट.”

“ते राहू द्या, सर.”

“का?”

“तेवढं खरं हाय.”

मधुकररावांचे पेन कागदावर टेकून थांबले.

“गार्डनं विचारलं, खेळणं हाय का? ही म्हणाली, शस्त्र हाय, हात लावू नका. मी घरी एकदा टॉय म्हटलं, तर दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी.”

पेनाच्या टोकाखाली तांबडा ठिपका पसरत गेला. वर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाकडून मधुकरराव हेच वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणवून घेत. जो ‘खेळणे’ म्हणे, त्याला त्या दिवशी नेम धरायला मिळत नसे. मिस्बाहला ही शिक्षा एकदाच झाली होती.

“कुणी शिकवलं, ते पोलिसांना सांगितलं नाही तिने?”

“विचारलं त्यांनी. गप्प राहिली. शाळेचं नाव पेपरात आलं तर हेडमास्तरीण उज्वलाबाई वर्गाची जागा काढून घेतील, बोलते. बाकीची बावीस पोरं कुठं जातील?”

मधुकररावांनी वर्तमानपत्राची घडी करून ते बाजूला ठेवले आणि कोरा कागद ओढला. नेहमी मायन्यावरच दहा मिनिटे रेंगाळणारा हा माणूस आज सरळ मजकुराला भिडला. ‘हे वाक्य तिला मी शिकवले,’ एवढी पहिली ओळ. मग साधनाचा तपशील. शेवटी सही आणि सहीखाली शाळेच्या नावासकट वर्गाचा पूर्ण पत्ता.

सुलेमानभाईंनी उलट्या बाजूने वाचले.

“शाळेचं नाव कशाला, सर? खोडा ते.”

“अर्धा पत्ता लिहिणाऱ्यावर समितीने विश्वास का ठेवावा?”

पत्राची घडी खिशात घालून मधुकरराव उठले. खुंटीवरून वर्गाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी मुठीत धरला आणि चपला पायात सरकवल्या.

“चहा घ्या तुम्ही. मी हे पत्र आधी उज्वलाबाईंना दाखवून येतो. शाळा सुटायच्या आत गाठायला हवं.”